रात्री एक ते चार

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. मी माझ्याच घरात, माझ्याच मोरीच्या उंबऱ्यावर एका पायावर उभा आहे आणि मला खोकायची बंदी आहे. दुसरा पाय टेकायचा नाही, कारण तिथली लादी वाजते. बाहेरच्या खोलीत एक दाढीवाला मुलगा लांब काठीच्या टोकाला केसाळ बोक्यासारखं काहीतरी बांधून ते छतापाशी धरून उभा आहे. आमच्या दिवाणावर बसलेली एक मुलगी घरभाड्याच्या करारनाम्याकडे बघून प्रेमगीत गाते आहे. ओट्यापाशी आमची ही कुकरची शिट्टी काढून मुठीत घट्ट धरून बसली आहे. शेवटी कोणीतरी कुजबुजत 'कट' म्हणतं आणि नऊ मिनिटं साठवलेला खोकला मी एकदम मोकळा करतो. सगळे माझ्याकडे वळतात. दाढीवाला कानावरचे हेडफोन सारखे करत म्हणतो, "मामा, काय टेक्श्चर आहे हो! एकदा परत द्याल का?"

माझ्या खोकल्याचं आजवर एवढं कौतुक कोणी केलेलं नाही. पण परत द्यायला गेलो तर आला नाही. मागणीनुसार खोकणं हा वेगळा अभिनय आहे, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं.

तर हा सगळा प्रकार म्हणजे आमच्या भाच्याची इंडिपेंडंट म्युझिकल कॉमेडी फिल्म. विषय: मोठ्या शहरातले तरुण. शहर आमचं, तरुण त्याचे, खर्च अज्ञात.

विम्याच्या नोकरीत मी ३४ वर्षं काढली. आमच्या कागदांत 'डिपेंडंट' हा शब्द रोजचा. बायको, मुलं, म्हातारे आईवडील अशी कमावत्या माणसावर अवलंबून असलेली मंडळी त्यात येत. जो कोणावरच अवलंबून नाही तो इंडिपेंडंट, अशी माझी भाबडी समजूत होती. भाच्याने तिचं निरसन केलं. सिनेमात इंडिपेंडंट म्हणजे ज्याला स्टुडिओ पैसे देत नाही तो. मग पैसे कोण देतं? तर बाकीचे सगळे. घर मामाचं, जेवण मामीचं, गाडी मित्राच्या बापाची, कॅमेरा दुसऱ्या मित्राच्या ऑफिसचा (ऑफिसला माहीत नाही), आणि चादरी, पडदे, ताटं, छत्र्या अख्ख्या चाळीच्या.

भाचा मूळचा सांगलीचा. सांगलीच्या मुलाला नाटकाची बाधा होणार हे आपण गृहीतच धरतो; तिथल्या पाण्यात दोनच गोष्टी, हळद आणि विष्णुदास भावे. पण तो इंजिनियर झाला, मुंबईत नोकरीला लागला, मालाडला तिघा मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहू लागला. आम्ही निर्धास्त झालो. इंजिनियर झालेल्या मुलाबद्दल निर्धास्त व्हायचं नसतं. मुंबईतले निम्मे दिग्दर्शक तिथूनच येतात आणि उरलेले निम्मे विनोदी कलाकारही.

एका रविवारी तो जेवायला आला आणि ही दुसरी पोळी वाढत असताना त्याने गोष्ट ऐकवली. एक मुलगा मुंबईत घर शोधतो आहे. लग्न झालेलं नाही, म्हणून कोणी घर देत नाही. अंडी खातो, म्हणून कोणी देत नाही. सिनेमात काम करतो असं चुकून बोलून जातो, म्हणून दिलेलं घर काढून घेतात. त्याला घरं दाखवणारी ब्रोकर ही त्याच्याच वयाची मुलगी. तो तिच्या प्रेमात पडतो. आता घर पसंत केलं तर उद्यापासून ती भेटणार नाही. म्हणून चांगल्यातल्या चांगल्या घरातही तो खोड काढतो: इथे उजेड जास्त आहे, इथे पाणी चोवीस तास येतं, मला सवय नाही.

गोष्ट मला आवडली. तसं मी त्याला सांगितलं नाही, कारण भाच्याला उत्तेजन देण्याचे परिणाम काय होतात ते मला माहीत आहे. मी फक्त विचारलं, "पण म्युझिकल कशाला? आपला कुठला सिनेमा म्युझिकल नाही?"

"मामा, तू घोळ करतोयस. आपल्याकडे गाणं आलं की गोष्ट थांबते. लोक बाहेर जाऊन समोसा खाऊन येतात. म्युझिकलमध्ये गाणंच गोष्ट पुढे नेतं."

"म्हणजे संगीत नाटक."

तो गप्प झाला. मी लगेच घोडं पुढे दामटलं. गोविंद बल्लाळ देवल, हरिपूरचे, म्हणजे तुमच्या सांगलीपासून चालत जाण्याच्या अंतरावरचे. त्यांनी मोलिएरच्या कथानकावर 'तसबिरीचा घोटाळा' हे प्रहसन १८९३ साली गद्यात बेतलं. पुढे त्यात पदं घातली आणि १९१६ साली त्याचं 'संगीत संशयकल्लोळ' झालं. तीच माणसं, तोच घोटाळा, तोच संशयी फाल्गुनराव. फक्त आता गाऊन भांडतात. शंभर वर्षं उलटली, अजून प्रयोग होतात. याला तुमच्या भाषेत म्युझिकल कॉमेडी म्हणतात की नाही?

"म्हणतात," भाचा म्हणाला, "पण पिच डेकमध्ये तसं लिहिता येत नाही."

पिच डेक म्हणजे पैसे मागण्याचा अर्ज, पण चित्रं असलेला. त्यात त्याने जगभरचे दाखले दिले होते. पहिला दाखला 'वन्स' या आयरिश सिनेमाचा. डब्लिनच्या रस्त्यावर गिटार घेऊन गाणारा एक मुलगा आणि त्याला भेटलेली एक चेक मुलगी. दोघेही खऱ्या आयुष्यात गाणारे, नट म्हणून कोणी नावाजलेले नव्हते. जॉन कार्नी या दिग्दर्शकाने कॅमेरा लांब ठेवून लांब पल्ल्याच्या भिंगातून रस्त्यावरची दृश्यं टिपली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांना पत्ता लागायला नको. नायकाचं स्वतःचं बिऱ्हाडच सेट म्हणून वापरलं, पार्टीला त्याचेच मित्र बोलावले. चित्रीकरण संपलं १७ दिवसांत आणि २००८ साली त्यातल्या गाण्याला ऑस्कर मिळालं. दुसरा दाखला नागेश कुकुनूरच्या 'हैदराबाद ब्लूज'चा, १९९८ सालचा. तो केमिकल इंजिनियर, अमेरिकेतली नोकरी सोडून आला, साठवलेले पैसे घातले. तिथेही १७ दिवस आणि खर्च १७ लाख. तिसरा दाखला डेमियन शझेलचा. त्याने २००९ मध्ये बॉस्टन शहरात एक कृष्णधवल म्युझिकल काढली. कॉलेजात तो आणि त्याचा संगीतकार एकाच खोलीत राहायचे. आठेक वर्षांनी त्याच जोडीच्या 'ला ला लँड'ला सहा ऑस्कर मिळाली.

"म्हणजे बघ मामा, रूममेट संगीतकार पाहिजे, तो आहे. स्वतःचा फ्लॅट पाहिजे, तो भाड्याचा का होईना आहे. इंजिनियर पाहिजे, तो मी आहे. १७ दिवस लागतात, ते मी काढतो."

सतरा हा आकडा आपल्याकडे काय म्हणून प्रसिद्ध आहे, ते त्याला डब्लिनच्या लोकांनी सांगितलं नसावं. नकटीच्या लग्नाची सतराशे विघ्नं सोडाच, इथे एकेका विघ्नाला स्वतःचा व्हॉट्सॲप ग्रुप होता.

पैशाचं विघ्न पहिलं. भाच्याने 'मंथन'चं उदाहरण दिलं. श्याम बेनेगलांच्या त्या १९७६ सालच्या सिनेमाला गुजरातमधल्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. आपणही तसंच करू, नातेवाईकांकडून थोडे थोडे घेऊ. मी त्याला समजावलं की आपल्या नात्यात पाच लाख शेतकरी नाहीत. जे दोन आहेत ते स्वतःच कर्जमाफीची वाट बघत आहेत. त्याने तरी ग्रुपवर क्यूआर कोड टाकला. चार दिवसांत अठ्ठावीस अंगठे, अकरा हात जोडलेले आणि ५०१ रुपये जमा झाले. वरचा एक रुपया हिच्या थोरल्या वन्संचा, हे सांगायला नको.

मग त्याची नजर माझ्या पॉलिसीकडे वळली. हे तो स्वतःहून बोलला नाही. तो फाळक्यांबद्दल बोलला. दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले आणि 'राजा हरिश्चंद्र' काढला. विम्याच्या माणसाला हळवं करण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. भारतीय सिनेमाचा पाया पॉलिसीवरच्या कर्जावर उभा आहे, हे नोकरीत असताना मला कोणी सांगितलं असतं तर मी टार्गेट कधीच चुकवलं नसतं. मी कर्ज काढलं. किती ते हिला अजून माहीत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

१७ दिवसांचं मात्र जे व्हायचं तेच झालं. सगळ्यांना नोकऱ्या. मग १७ दिवसांचे १७ शनिवार झाले, म्हणजे शनिवारची रात्र आणि रविवारची पहाट. सतरा शनिवार हा नेम मारुतीला तेल वाहायला ठीक आहे. त्यात सिनेमा केला की काय होतं ते बघा. पहिल्या शनिवारी नायकाचे केस खांद्यापर्यंत. सहाव्या शनिवारी त्याचा बँकेत इंटरव्ह्यू, म्हणून बारीक. तेराव्यापर्यंत पुन्हा कानावर. त्यामुळे सिनेमात तो एका दारातून बारीक केसांनी आत शिरतो आणि आतल्या खोलीत पोचेपर्यंत त्याचे केस वाढलेले असतात. भाचा म्हणतो, घर शोधण्यात किती काळ गेला ते यातून सूचित होतं. नायिकेचं मधेच लग्न ठरलं, हातावर मेंदी चढली, आणि ब्रोकरणीच्या हाताला मेंदी का याचा खुलासा करायला एक कडवं वाढवावं लागलं. ते कडवं सगळ्यात चांगलं झालं आहे. गरज पडल्याशिवाय कवीला सुचत नाही.

आणि आठव्या शनिवारनंतर मालाडच्या घरमालकाने करार वाढवायला नकार दिला. अकरा महिने पुरे झाले होते. 'रात्री गाणी ऐकू येतात' अशी त्याची तक्रार. घर न मिळणाऱ्या मुलांचा सिनेमा काढणाऱ्या मुलांचं घर गेलं. तरुणांचं वैशिष्ट्य असं की त्यांना याचं हसू आलं. सामानाचा टेम्पो हलताना चौघेही फुटपाथवर उभे राहून त्या टेम्पोचंच शूटिंग करत होते. बायको म्हणाली, "आपल्या दोन खोल्या आहेत की." मी तिच्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत माझ्या एका मित्राला तिने रात्री ठेवून घेतलेलं नाही.

अशा रीतीने युनिट आमच्या घरी आलं.

आमची चाळ चर्नी रोड आणि ग्रँट रोडच्या मधे, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे हाक मारली तर ऐकू येणार नाही इतक्या जवळ. लोकल गेली की आम्ही बोलता बोलता थांबतो, गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे बोलतो. पाहुण्यांना वाटतं आम्ही विचार करून बोलणारी माणसं आहोत. दाढीवाला मुलगा, म्हणजे साउंड रेकॉर्डिस्ट, पहिल्या दिवशी आला, गॅलरीत उभा राहिला, दोन लोकल ऐकल्या आणि खाली बसला. त्याला पाणी दिलं. कारण भाच्याचा हट्ट असा की गाणी आधी रेकॉर्ड करून त्यावर ओठ हलवायचे नाहीत. नटाने तिथेच, कॅमेऱ्यासमोर गायचं. हॉलिवूडच्या 'ले मिझराब्ल'मध्ये २०१२ साली तसं केलं म्हणे. नटाच्या कानात छोटंसं यंत्र, त्यात पियानो वाजतो; तो फक्त त्यालाच ऐकू येतो. माइकवर नुसता त्याचा गळा येतो, वाद्यं मागाहून चढवतात. म्हणजे ज्याच्या कानात वाद्यमेळ त्याच्यापुरतं ते गाणं. बाकीच्या चाळीला तो हंबरडा. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पहिल्या रात्री अंगावर शाल घेऊन खाली आले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "कोण गेलं?"

दुपारी एक ते चार ही वेळ पुणेकरांनी जगप्रसिद्ध केली. रात्री एक ते चार ही मात्र आमची. एकच्या सुमारास शेवटची लोकल जाते, चारनंतर पहिली येते. मुंबईत शांतता नावाचा जिन्नस मिळतो तो एवढ्याच वेळात. रेकॉर्डिस्टने हे गणित मांडलं तेव्हा मला एकदम काहीतरी आठवलं आणि मी म्हणालो, "अरे, हे तर इथे पूर्वी होऊन गेलंय."

१९३१ साली भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' तयार झाला, तो इथेच, ग्रँट रोडला केनेडी ब्रिजपाशी. आर्देशिर इराणींचा स्टुडिओ रुळांना लागून. दिवसा गाड्यांचा खडखडाट. म्हणून बरंचसं चित्रीकरण रात्री एक ते चार याच वेळात करायचे. माइक कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून लपवायचे. नटनट्यांनी तिथेच, त्याच क्षणी गायचं, कारण पार्श्वगायन अजून जन्माला यायचं होतं. साथीला मोजून तीन वाद्यं: पेटी, तबला, व्हायोलिन. गाणी सात. १४ मार्चला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही.

मुलं आ वासून ऐकत होती. भाच्याने बोटं मोजली. त्याच्या सिनेमातही गाणी सातच होती.

"आणि नायक?" नायकाने विचारलं. नायक लोक हे विचारतातच.

नायक मास्टर विठ्ठल. आपला मराठी माणूस, मूकपटातला घोडा उडवणारा तलवारबहाद्दर. या बोलपटासाठी तो आधीची कंपनी सोडून आला, त्या कंपनीने कोर्टात खेचलं, तर त्याच्या बाजूने वकील उभे राहिले ते बॅरिस्टर जिना. खटला जिंकला. आणि मग लक्षात आलं की विठ्ठलला धड उर्दू बोलता येत नाही. आता करायचं काय? तर बोलपटाचा नायक बराच वेळ गुंगीत दाखवला. मराठी माणसाने भारतीय बोलपटात पहिलं पाऊल टाकलं ते असं, अर्धवट शुद्धीत.

आमच्या नायकाचा चेहरा खुलला, कारण त्याचीही अडचण तीच होती. तो गात नाही. म्युझिकलचा नायक गात नाही हे सहाव्या शनिवारी कळलं. तोवर केसांकडेच लक्ष होतं. आता त्याला गुंगी कशी आणायची? भाच्याने उपाय काढला. गाण्याच्या वेळी नायकाच्या तोंडात सतत काहीतरी खायला द्यायचं. त्यामुळे सात गाण्यांत तो अनुक्रमे वडापाव, कणीस, पुन्हा वडापाव, केळं, हिचे डिंकाचे लाडू, शेंगदाणे आणि पुन्हा लाडू खातो. प्रेमात पडलेल्या माणसाला इतकी भूक लागलेली मी दुसऱ्या कुठल्याही सिनेमात बघितलेली नाही. पण मुंबईतल्या भाड्याच्या घरातल्या मुलांना बघितलं आहे, आणि ते असेच खातात.

बाहेरच्या दृश्यांची गंमत वेगळी. सिनेमाचं शूटिंग म्हटलं की परवानग्या आल्या, फी आली, शिक्के आले. भाच्याने शोध लावला की 'सिनेमा' हा शब्दच उच्चारायचा नाही. हातात मोबाइल धरायचा आणि कोणी हटकलंच तर म्हणायचं, "रील करतोय." चौपाटीसमोरच्या पादचारी पुलावर नायिका गात असताना एक हवालदार आलेच. रील म्हटल्यावर त्यांचा चेहरा निवळला. "मग इकडून घ्या ना, मागे समुद्र येईल," असं म्हणून त्यांनी स्वतः दोन माणसं बाजूला केली. तो शॉट सिनेमात आहे आणि खरोखर मागे समुद्र आला आहे. डब्लिनच्या लोकांना कळू नये म्हणून कॅमेरा लांब ठेवावा लागला होता. इथे कॅमेरा नाकासमोर असूनही संध्याकाळी सहाला पुलावरच्या एकाही माणसाने त्या मुलीकडे मान वर करून बघितलं नाही. एक जण फक्त म्हणाला, "ताई, गा, पण कडेला होऊन गा."

रात्रीच्या कामातला सगळ्यात गंभीर विधी म्हणजे 'रूम टोन'. शूटिंग संपलं की सगळ्यांनी एक मिनिट पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि रेकॉर्डिस्टने रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. संकलनात दोन संवादांच्या फटी बुजवायला ती लागते. सिमेंटसारखी. हा प्रकार मला फार आवडला. साठ सेकंद अकरा तरुण माणसं हातातला मोबाइल खाली ठेवून, माना खाली घालून उभी आहेत हे दृश्य मी तरी शोकसभेनंतर पहिल्यांदाच बघत होतो. आमच्या खोलीच्या शांततेत काय काय निघालं ते दाढीवाल्याने हेडफोन लावून मला ऐकवलं: फ्रिज, वळचणीचं कबुतर, टाकीत पडणारा थेंब, आणि खाली सा लावल्यासारखा एक अखंड स्वर. तो शेजारच्या तात्यांच्या घोरण्याचा. संगीतकाराने तबल्याआधी तो लावून बघितला. काळी एक.

या सगळ्यात ही काय करत होती? ही राज्य करत होती. पहाटे तीनला अकरा ताटं. मऊ खिचडी, पोह्याचे पापड, लिंबाचं लोणचं. एक मुलगा व्हीगन निघाला. चहात दूध नको म्हणाला. हिने त्याचा हात धरून नाडी बघितली आणि त्याला आल्याचा काढा दिला. तो तेव्हापासून हिला मम्मी म्हणतो. नायिकेच्या मागे भिंत उघडी दिसते म्हणून हिच्या सहा साड्या पडदे म्हणून लागल्या. घरमालकिणीची भूमिका करणारी बाई सांताक्रूझला अडकली, तेव्हा ती भूमिकाही हिनेच केली. एकच वाक्य होतं: "बॅचलरना आम्ही देत नाही." ते हिने असं टाकलं की दिवाणावर बसलेला खराच बॅचलर उठून उभा राहिला.

मला यात नवल वाटलं नाही. फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाईंनी हेच केलं. दागिने दिले, दादरच्या बंगल्यात युनिटचा स्वयंपाक रांधला, वर रात्री बसून फिल्मच्या पट्टीला भोकं पाडली. तारामतीच्या कामाला एकही बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी अण्णा साळुंके नावाचा मुलगा उचलला तो कुठून, तर आमच्या ग्रँट रोडच्या एका हॉटेलातून. तिथे त्याला दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. ३ मे १९१३ रोजी तो सिनेमा लागला तोही गिरगावात, कोरोनेशनमध्ये. माझं तर मत असं आहे की भारतातला कुठलाही इंडिपेंडंट सिनेमा चर्नी रोड आणि ग्रँट रोड या दोन स्टेशनांच्या मधे, कोणाच्या तरी बायकोच्या स्वयंपाकघरात बनतो. बाकीचे लोक नंतर त्याला फिल्म इन्स्टिट्यूट वगैरे नावं देतात.

शेवटचं गाणं सतराव्या शनिवारचं. नायक अखेर घर पसंत करतो, किल्ली हातात घेतो, आणि ब्रोकर मुलगी विचारते, मग आता? तिथे गाणं संपतं आणि एक लांब शांतता हवी. चारला पाच कमी. सगळ्यांचा जीव मुठीत. मुलीने शेवटचा सूर इतका सुरेख सोडला की माझाही पाय लादीवर टेकला नाही. आणि त्या शांततेच्या बरोबर मध्यावर वरच्या मजल्यावरच्या आजींनी गॅलरीतून अख्ख्या चाळीला ललकारी दिली: "पाणी आलंऽऽऽ!"

धावाधाव झाली. दारं उघडली, बादल्या खणखणल्या. आमच्या नायिकेनेही सवयीने तांब्या उचलला. भाचा डोकं धरून बसला. दाढीवाला मात्र हेडफोन दाबून तसाच उभा. "सर," तो संगीतकाराला म्हणाला, "आजी सुरात आहेत."

ठरलं. सिनेमाचा शेवट 'पाणी आलं' यावर. पण मागे बादल्यांचा गोंगाट आलेला, म्हणून एक स्वच्छ टेक हवा. पुढच्या शनिवारी, म्हणजे अठराव्या, आजींना विनंती केली. त्या रात्री साडेतीनला आजी खाली आल्या त्या नऊवारी नेसून, नाकात नथ घालून. वय ब्याऐंशी, माहेर बेळगाव, लहानपणी सगळी संगीत नाटकं पाठ. भाच्याने 'ॲक्शन' म्हटलं. आजींनी घसा साफ केला, डावा हात कानाला लावला आणि 'पाणी' या शब्दावरच जी तान घेतली ती सव्वाचारची लोकल येईपर्यंत 'आलं'पर्यंत पोचली नाही. त्यातच खरं पाणी आलं आणि गेलं. चाळीत त्या दिवशी कोणाच्याही घरी आंघोळ झाली नाही. पण खालच्या चौकातून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

सिनेमात शेवटी पहिलाच टेक ठेवला आहे, बादल्यांसकट.

सिनेमा पुरा झाला आहे. लांबी एक तास सतरा मिनिटं. नाव अजून ठरलेलं नाही. चार महोत्सवांकडे पाठवला. फी चौघांनी घेतली, उत्तर दोघांनी दिलं. श्रेयनामावलीत हिचं नाव लोकेशन, वेशभूषा, भोजनव्यवस्था, अभिनय आणि एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर असं पाच ठिकाणी आहे. तात्यांचं नाव संगीत विभागात आहे. माझं नाव शेवटून तिसरं, 'विशेष आभार' या सदरात, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या खाली. पॉलिसीवरच्या कर्जाचा उल्लेख कुठेही नाही आणि तो माझ्याच विनंतीवरून नाही.

येत्या कोजागिरीला आमच्या चाळीच्या गच्चीवर पहिला खेळ आहे. वेळ रात्री एक, शेवटची लोकल गेल्यावर. तिकीट नाही. पडदा हिच्या पांढऱ्या साडीचा आहे, तेव्हा कृपया त्याला हात लावू नये. येताना आपापली सतरंजी आणावी, आणि कुणाच्या पाहण्यात मालाड-गोरेगाव भागात चार अविवाहित मुलांना भाड्याने घर देणारा मालक असेल तर त्यालाही घेऊन यावं; मुलं अजून आमच्याकडेच आहेत.